शोभादर्शकातून कलाछायाचित्रण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुठ्ठ्याची नळी, तीन आरशांच्या पट्ट्या, टोकाला दुधी काच आणि आत खुळखुळणारे रंगीत तुकडे एवढ्याच सामग्रीचे हे खेळणे आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी हाताळलेले असते. कोणी त्याला शोभादर्शक म्हणते, कोणी कॅलिडोस्कोप. या नळीतून छायाचित्रे काढण्याचे काम मी बरीच वर्षे करीत असल्याने काही प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले जातात. त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

हे खेळण्याचे छायाचित्रण आहे, की खेळण्यातून केलेले छायाचित्रण?

येथे दुसरा प्रकार अभिप्रेत आहे. खेळणे समोर ठेवून त्याचे छायाचित्र काढण्याची परंपराही मोठी आहे. १९७०च्या दशकात डेव्हिड लेव्हिन्थाल यांनी खेळण्यातले सैनिक मांडून, तर लॉरी सिमन्स यांनी बाहुलीघरातल्या खोल्या टिपून अमेरिकेत या वाटेला प्रतिष्ठा मिळवून दिली. तेथे खेळणे हा छायाचित्राचा विषय असतो. शोभादर्शकाच्या बाबतीत खेळणे हे कॅमेऱ्याच्या पुढे बसवलेले साधन होते आणि अंतिम चित्रात ते स्वतः कोठेच दिसत नाही. दिसते ते फक्त त्याचे पाहणे.

हे खेळणे कोणी आणि केव्हा तयार केले?

स्कॉटलंडचे भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड ब्रूस्टर यांनी ते १८१६च्या सुमारास सिद्ध केले आणि १८१७ मध्ये त्याचे पेटंट घेतले. प्रकाशाचे ध्रुवीकरण (त्याची कंपने एकाच दिशेत येणे) आणि वारंवार होणारे परावर्तन यांवर प्रयोग करीत असताना, एकमेकांशी कोन करणाऱ्या दोन पृष्ठभागांमध्ये प्रतिबिंबांचे वर्तुळ तयार होते हे त्यांच्या लक्षात आले. सुंदर, आकार आणि पाहणे या अर्थांचे तीन ग्रीक शब्द जोडून त्यांनी नावही स्वतःच घडवले. नळी इतकी सोपी होती की पेटंट हाती असूनही जो तो तिची नक्कल करू लागला. खेळणे जगभर पोहोचले आणि शोधकर्त्याच्या पदरात फारसे काही पडले नाही.

ब्रूस्टर यांच्या दृष्टीने मात्र ते निव्वळ खेळणे नव्हते. नक्षीकाम करणाऱ्या कारागिरांना ते उपयोगी पडावे, असे त्यांना वाटत होते. हजार कलावंतांना वर्षभरात सुचणार नाहीत इतक्या आकृती हे साधन एका तासात निर्माण करील, असे त्यांनी १८१९च्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवले आहे. ते विधान कौतुकाचे आहे, पण छायाचित्रकाराने ते इशारा म्हणूनच वाचावे.

आरसे आयतीच सममिती देतात, तर मग यात छायाचित्रकाराचे कर्तृत्व ते काय?

हा प्रश्न रास्त आहे आणि तो नवाही नाही. छायाचित्रकार ॲल्विन लँग्डन कोबर्न यांनी १९१६-१७ मध्ये तीन आरसे त्रिकोणात बांधून भिंगापुढे धरले आणि काचेच्या टेबलावर ठेवलेल्या स्फटिकांची व लाकडाच्या तुकड्यांची छायाचित्रे घेतली. ‘व्होर्टोग्राफ’ या नावाने ओळखली जाणारी ही चित्रे १९१७ मध्ये लंडनच्या कॅमेरा क्लबमध्ये मांडली गेली आणि छायाचित्रणातील अमूर्त कलेच्या अगदी आरंभीच्या प्रयत्नांत आज त्यांची गणना होते. ज्यांच्या वर्तुळात ही कल्पना रुजली ते कवी एझ्रा पाउंड यांनीच प्रदर्शनाच्या प्रस्तावनेत या कलेला चित्रकलेच्या खालची पायरी दिली. ही केवळ डोळ्याची कला आहे, तीत डोळा आणि हात एकत्र काम करीत नाहीत, असा त्यांचा मुद्दा होता.

माझ्या मते पाउंड यांनी दुखण्यावर बरोबर बोट ठेवले, पण निदान चुकवले. शोभादर्शकात सुंदर आकृती मिळवण्यासाठी काहीच करावे लागत नाही, कारण नळी कशीही धरली तरी समोर जे येते ते देखणेच असते. देखणेपणा असा फुकट मिळू लागला की त्याची किंमत उतरते. म्हणून या कामातील खरे कष्ट निर्मितीचे नसून नकाराचे आहेत. शेकडो देखण्या आकृती नाकारून एखादी ठेवायची असते आणि ती का ठेवली याचे उत्तर स्वतःजवळ असावे लागते. मी बहुधा तीच आकृती ठेवतो जिच्यात सममिती कोठेतरी जराशी लंगडते : एखादा तुकडा आरशांच्या सांध्यावर अडकलेला असतो, एखादी पाकळी शेजारच्या पाकळीपेक्षा मंद असते, किंवा मूळ वस्तू क्षणभर ओळखू येते आणि मग नक्षीत हरवते. नजर तेथे थबकते. बिनचूक सममितीवरून ती सहज घसरून जाते.

आणखी एक गोष्ट आहे. लहानपणी या खेळण्याची खरी चुटपुट ही होती की आवडलेली आकृती दुसऱ्याला दाखवता येत नसे. ‘हे बघ’ म्हणून नळी पुढे करावी, तोवर तुकडे घरंगळलेले असत आणि पुढच्याला काहीतरी वेगळेच दिसे. जे वाटून घेता येत नव्हते ते कॅमेऱ्यामुळे वाटून घेता येते.

दोन आरशांचा शोभादर्शक घ्यावा की तीन आरशांचा?

दोन्हींची चित्रे मुळातच निराळी असतात. दोन आरशांच्या रचनेत काळ्या पार्श्वभूमीवर एकच गोल कमळ उमटते. तीन आरशांच्या रचनेत आकृती सर्व बाजूंना पसरत जाते आणि तिला कडा उरत नाही. पहिल्या प्रकारात केंद्र असते, म्हणून चित्राला ठाव मिळतो, पण तेवढ्यामुळेच अशी सगळी चित्रे एकमेकांसारखी दिसण्याचा धोका असतो. दुसऱ्या प्रकारात काय कापायचे हे छायाचित्रकाराला ठरवावे लागते, आणि म्हणून मला तो अधिक आव्हानाचा वाटतो.

दोन आरशांत कोनाला सर्वाधिक महत्त्व आहे. ३६० भागिले कोन, इतके भाग दिसतात : ६० अंशांना सहा, ४५ अंशांना आठ, ३० अंशांना बारा. ही संख्या सम असेल तरच कोणत्याही वेड्यावाकड्या वस्तूची आकृती नीट जुळून पूर्ण होते. ७२ अंशांना पाच भाग होतात, पण वस्तू स्वतः सममित नसेल तर समोरच्या बाजूस दोन भाग एकमेकांशी जुळत नाहीत आणि तेथे तुटकी शीव दिसते. कारखान्यात तो दोष मानला जाईल. मी एक आरसा बिजागरीवर बसवून मुद्दाम असे कोन वापरतो, कारण त्या शिवेपाशी आकृतीचे बिंग फुटते आणि चित्र नक्षीच्या पलीकडे जाते.

तीन आरशांत निवडीला वाव कमी असतो. समभुज त्रिकोण, ४५-४५-९० आणि ३०-६०-९० या तीनच त्रिकोणांत प्रतिबिंबे फट किंवा विसंगती न राहता प्रतल भरून टाकतात. बाजारातील बहुतेक खेळणी समभुज असतात.

साधे आरसे चालतात का?

सरावासाठी चालतात. साध्या आरशात चांदीचा किंवा ॲल्युमिनियमचा थर काचेच्या मागे असतो, त्यामुळे काचेच्या पुढच्या पृष्ठभागाचे एक फिकट प्रतिबिंब वेगळे पडते. वारंवार परावर्तन होताना ही भुते साठत जातात आणि कडा दुहेरी दिसू लागतात. पुढच्या पृष्ठभागावरच थर असलेल्या आरशांत ही अडचण येत नाही, मात्र त्यांचा थर नाजूक असतो.

उजळपणाचा हिशेबही पाहावा. आरसा ९० टक्के प्रकाश परत पाठवतो असे धरले, तर बारा भागांच्या कमळातील सर्वांत दूरच्या, म्हणजे सहा वेळा परावर्तित झालेल्या भागात सुमारे ५३ टक्के प्रकाश उरतो. आरसा ९५ टक्क्यांचा असेल तर तेथे ७३ टक्क्यांहून थोडा अधिक प्रकाश पोहोचतो. डोळा हा फरक सांभाळून घेतो, कॅमेरा घेत नाही. मात्र कडेकडे विझत जाणारा हा उजेड मला स्वतःला आवडतो. बालपणीच्या स्वस्त नळीतली आकृती अशीच तर दिसत असे.

मोठा कॅमेरा हवा की फोन पुरेसा आहे?

या एका बाबतीत फोन वरचढ ठरू शकतो, आणि त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. आकृती सारख्या उजळपणाची दिसण्यासाठी डोळा आरशांच्या टोकाजवळ आणि त्यांच्या सांध्याच्या शक्य तितक्या निकट असावा, हे ब्रूस्टर यांनीच नमूद केले होते. फोनचे भिंग डोळ्यातल्या बाहुलीएवढेच लहान असल्यामुळे ते डोळ्याच्या जागी नेमके बसते. याउलट ५० मिमीची लेन्स एफ/२ वर (एफ-क्रमांक जितका लहान, तितके लेन्सचे छिद्र मोठे) वापरली तर तिच्या छिद्राचा व्यास २५ मिमी होतो, म्हणजे खेळण्याच्या भोकापेक्षा मोठा. त्यामुळे चित्राच्या कडा कापल्या जातात आणि आरशांचे सांधे विरघळल्यासारखे दिसतात. तीच लेन्स एफ/११ वर आणली की व्यास साडेचार मिमीच्या आसपास येतो आणि चित्र डोळ्याला दिसते तसे येऊ लागते, पण प्रकाश सुमारे तीसपट कमी होतो. तेवढी भरपाई शटर अधिक वेळ उघडे ठेवून करावी लागते आणि त्यासाठी ट्रायपॉड अपरिहार्य ठरतो.

मोठ्या छपाईसाठी मी मोठाच कॅमेरा वापरतो, परंतु नळीचे मागचे झाकण काढून टाकतो, म्हणजे भोकाची अडचण उरत नाही.

फोकस नेमका कशावर करायचा?

नळीच्या दूरच्या टोकावर, म्हणजे तुकडे जेथे आहेत तेथे. बिंबांचे असंख्य थर खोलवर पसरले आहेत असे वाटत असले, तरी आरसे तुकड्यांच्या प्रतलाला काटकोनात असल्यामुळे सर्व प्रतिबिंबे त्याच प्रतलात असतात. तेव्हा एक भाग स्पष्ट झाला की सगळेच स्पष्ट होतात. अडचण वेगळीच असते : नळी वीस सेंटिमीटरांची असली, तर अनेक सर्वसाधारण लेन्स इतक्या जवळ फोकस करूच शकत नाहीत. जवळून टिपणारी मॅक्रो लेन्स, किंवा कॅमेरा व लेन्स यांच्यामध्ये बसवायची एक्स्टेन्शन ट्यूब लागते. ऑटोफोकस बंद ठेवावा. हलत्या तुकड्यांमागे धावताना तो गोंधळतो.

आत कोणत्या वस्तू घालाव्यात?

खेळण्यात काचेचे तुकडे, मणी, फुटक्या बांगड्या असतात. त्यांनी सुरुवात करावी आणि लवकरच त्यांचा निरोप घ्यावा, असा माझा सल्ला आहे. गडद रंगाचे पारदर्शक तुकडे पहिल्याच प्रयत्नात यश देतात आणि पन्नासाव्या प्रयत्नातही तेच यश देतात. रंग नसलेल्या वस्तू अधिक बोलक्या असतात. तारेची वेटोळी, पिसे, वाळलेल्या पानांच्या शिरा, घड्याळाची चक्रे, शिवणाचा दोरा, जुन्या पत्रांच्या चिटोऱ्या यांपैकी काहीही चालते. दोऱ्याचे एक टोक सांध्यावर येऊ दिले तर त्याच्या रेषेतून संपूर्ण जाळी विणली जाते. अक्षरे घातल्यास निम्म्या भागांत ती उलटी दिसतात, आणि वाचता येईल न येईल अशा काठावरचे ते चित्र मला पुष्कळदा नुसत्या रंगीत कमळापेक्षा जवळचे वाटते.

एक पथ्य पाळावे. पेटी, म्हणजे नळीच्या टोकाचा तुकड्यांचा कप्पा, अर्ध्याहून अधिक भरू नये. तुकड्यांना पडायला जागा नसली की आकृती बदलत नाही आणि चित्रात रिकामी जागाही राहत नाही.

पेटीत द्रव भरण्याची युक्ती १८७०च्या दशकात अमेरिकेतील चार्ल्स बुश यांच्या शोभादर्शकांमुळे गाजली. त्यांच्या काही काचनळ्यांत द्रवासोबत हवेचा बुडबुडाही असे. ग्लिसरिनसारख्या दाट द्रवात तुकडे सावकाश उतरतात, त्यामुळे निवडीला काही क्षण मिळतात. शटर सेकंदभर उघडे ठेवल्यास उतरणाऱ्या तुकड्यांच्या रेघा उमटतात आणि त्या रेघांनाही आरसे सममितीत बसवतात.

रंगीत वस्तू न वापरता रंग मिळवता येतात का?

येतात, आणि त्यामागेही ब्रूस्टरच आहेत. पारदर्शक पदार्थावर ताण असेल, तर ध्रुवीकृत प्रकाशात त्यात रंग दिसतात, हे त्यांनी शोभादर्शकाच्या त्याच काळात दाखवून दिले होते. पेटीच्या मागे एक ध्रुवक पट्टी (एकाच दिशेच्या कंपनांचा प्रकाश जाऊ देणारी) ठेवावी, पेटी आणि आरसे यांच्यामध्ये दुसरी पहिलीच्या काटकोनात फिरवून बसवावी आणि आत पारदर्शक चिकटपट्टीचे थर किंवा साच्यातून काढलेल्या प्लॅस्टिकचे तुकडे टाकावेत. जे तुकडे हातात घेतल्यावर पाण्यासारखे रंगहीन असतात, ते नळीत निळे, किरमिजी, सोनेरी होतात. थराची जाडी बदलली की रंग बदलतो. दुसरी पट्टी आरशांच्या अलीकडे, म्हणजे भिंगापाशी बसवल्यास परावर्तनांमुळे ध्रुवीकरण बिघडते आणि भागाभागांतले रंग वेगळे पडतात. हा बिघाड वापरून पाहण्याजोगा आहे.

प्रकाशयोजना कशी असावी?

मागून येणारा आणि पसरलेला प्रकाश घ्यावा. दुधी काचेमागे पांढरा पडदा व त्यामागे दिवा एवढे पुरते. अपारदर्शक वस्तूंसाठी पेटीच्या बाजूने प्रकाश द्यावा आणि मागे काळे ठेवावे. स्वस्त एलईडी दिव्यांच्या लुकलुकण्याने चित्रात पट्टे येतात, ते आधी तपासून घ्यावे.

तुकड्यांऐवजी बाहेरचे जग या नळीतून टिपता येईल का?

पेटीच्या जागी काचेचा गोल किंवा भिंग बसवले की समोरच्या दृश्याचीच आकृती होते. अशा साधनाला टेलिडोस्कोप म्हणतात. इमारती, झाडे, माणसांचे चेहरे यांच्याकडे ते वळवण्याचा मोह होतो, पण चेहऱ्यांच्या बाबतीत मी सावध असतो. सहा वेळा दिसणारा चेहरा पटकन गंमत होऊन बसतो. कोबर्न यांनी पाउंड यांचे अशा पद्धतीने काढलेले व्यक्तिचित्र यशस्वी ठरते, कारण त्यात माणसाची बाह्यरेषा शाबूत राहिली आहे.

संगणकावर एखादा तुकडा उलटवून चिकटवला तर हाच परिणाम मिळत नाही का?

दुरून पाहिल्यास मिळतो. जवळून पाहिल्यास संगणकाची प्रत्येक पाकळी पहिल्या पाकळीची तंतोतंत नक्कल असते. आरशांतील पाकळ्या तशा नसतात : प्रत्येक परावर्तनात प्रकाश थोडा घटतो, आरशाची किंचितशी वक्रता रेषेला बाक देते, धुळीचा कण एका बाजूला दिसतो व दुसऱ्या बाजूला झाकला जातो. संगणकावरील काम कमी दर्जाचे आहे असे मी म्हणणार नाही, मात्र ते काम वेगळे आहे आणि चित्राखाली तसे स्पष्ट लिहावे. माझ्या चित्रांत मी उजेड आणि तीव्रता दुरुस्त करतो, पण एखादा भाग दुसऱ्या भागावर चिकटवीत नाही.

एका बैठकीत किती चित्रे घ्यावीत आणि किती ठेवावीत?

नळी फिरवता फिरवता सलग बटण दाबीत राहू नये. प्रत्येक वळणानंतर थांबून पाहावे आणि आकृतीत अडखळण्यासारखे काही असेल तरच चित्र घ्यावे. निवड त्याच दिवशी न करणे उत्तम, कारण ताज्या नजरेला सगळेच गोड दिसते. आठवडाभराने पाहताना प्रत्येक चित्र काळे-पांढरे करून तपासतो. रंग काढताच जे कोसळते ते केवळ रंगावर उभे होते, असे समजून बाजूला ठेवतो.

चित्रांना शीर्षके द्यावीत का?

‘बालपण’, ‘स्वप्न’, ‘हरवलेले दिवस’ अशी शीर्षके टाळावीत. खेळण्याचा उल्लेख निवेदनात आला की स्मरणरंजन आपोआप होतेच, त्यावर पुन्हा साखर पेरण्याचे कारण नाही. मी पेटीतील वस्तूंची नावे देतो, जसे ‘दोन पिसे, तार’. प्रेक्षक ते वाचतो, चित्राकडे परत वळतो आणि ती पिसे शोधू लागतो.

छपाई आणि आवृत्त्यांबाबत काय लक्षात ठेवावे?

दोन आरशांच्या कमळामागचा काळा रंग गाढ हवा असेल तर चकचकीत किंवा बॅरायटा (बेरियम सल्फेटचा थर असलेला) कागद घ्यावा. मॅट कागदावर काळा रंग फिका पडतो, पण पिसे आणि कागद यांची बारीक पोत तेथे अधिक खुलते. दीर्घकाळ टिकण्यासाठी पिगमेंट शाई आणि आम्लरहित कागद वापरावा. मर्यादित आवृत्ती काढायची असल्यास प्रतींची संख्या पहिली प्रत विकण्यापूर्वीच ठरवावी, प्रत्येक प्रतीवर तिचा क्रमांक घालावा आणि ती संख्या पुढे वाढवू नये. शोभादर्शक एखाद्या समकालीन कारागिराने घडवलेला असेल, तर प्रदर्शनापूर्वी त्याची परवानगी घ्यावी आणि श्रेय द्यावे. आतील तुकड्यांची निवडही त्याचीच असते.

लहानपणीची जुनी नळी उघडून स्वच्छ करावी का?

उघडण्यापूर्वी तिच्यातून भरपूर चित्रे घेऊन ठेवावीत, कारण तुकडे पुन्हा तसेच बसणार नाहीत. आरसे फडक्याने पुसू नयेत. रबरी फुग्याने धूळ उडवावी, आणि पुढच्या बाजूस थर असलेल्या आरशाला बोटही लावू नये. पट्ट्या काढताना त्यांचा क्रम आणि वरची बाजू पेन्सिलीने मागे लिहून ठेवावी.

माझ्या स्वतःच्या नळीतील एका आरशाचा दूरचा कोपरा टवका उडालेला आहे. त्यामुळे तिच्यातून काढलेल्या प्रत्येक चित्रात एक छोटी काळी खाच ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा दिसते. तो आरसा मी बदललेला नाही, आणि छपाईपूर्वी ती खाच पुसतही नाही.